हातसडीचा तांदूळ : आरोग्य आणि श्रम यांचा इतिहास

'नैसर्गिक आहार' हा शब्दप्रयोग आज इतका रूढ झाला आहे की, त्यातील विशेषणाची तपासणी करण्याची गरज सहसा कुणाला वाटत नाही. कोंड्यासकट दळलेले पीठ, असडीक तांदूळ, गूळ हे पदार्थ निसर्गाने दिले तसेच ताटात येतात आणि म्हणून ते आरोग्यास हितकर असतात, अशी ही समजूत आहे. यातील आरोग्याविषयीचा भाग बव्हंशी खरा आहे. निसर्गाविषयीचा भाग मात्र तपासून घ्यावा लागतो. हातसडीच्या तांदळाचा इतिहास त्यासाठी उपयोगी पडेल, असे आम्हांस वाटते.

या इतिहासाची पहिली नोंद मराठी भाषेनेच करून ठेवली आहे. साळ भरडून टरफल काढायचे, मग निघालेला तांदूळ उखळात सडून त्यावरचा कोंडा काढायचा, असा हा क्रम. 'सडीक' आणि 'असडीक' हे शब्द तांदळाची जात सांगत नाहीत. त्यावर किती मेहनत झाली ते सांगतात. मुसळाचे घाव जितके अधिक, तितका भात पांढरा. तेव्हा शुभ्र भात ही यंत्राची निर्मिती नव्हे. तो पूर्वीही होता, पण ज्या घरात दुसऱ्याचे हात राबत, त्या घराला तो अधिक सहज परवडे. इतरांच्या घरी मुसळ आधीच थांबे आणि दाण्यावर थोडा कोंडा शिल्लक राही. पौष्टिकता टिकली ती बहुधा या थांबण्यामुळे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रंगून, बँकॉक, सायगाव या बंदरांत वाफेवर चालणाऱ्या भातगिरण्या उभ्या राहिल्या आणि शुभ्रता स्वस्त झाली. व्यापाऱ्यालाही ती सोयीची होती. कोंड्यातील तेलामुळे असडीक तांदूळ लवकर खवट होतो, पांढरा तांदूळ मात्र दूरच्या प्रवासात टिकतो. याच काळात तुरुंग, बराकी आणि मळ्यांतील मजूर यांच्यात बेरीबेरी हा रोग वाढला. पाय लुळे पडत, अंगावर सूज येई, हृदय थकून माणूस मरे.

ख्रिस्तियान आइकमान हे डच डॉक्टर जावा बेटावरील बटाव्हिया येथे या रोगाचा जंतू शोधत होते. रुग्णालयातील शिजवलेल्या पांढऱ्या भातावर पोसलेल्या त्यांच्या कोंबड्या लुळ्या पडल्या आणि असडीक तांदूळ मिळू लागताच सावरल्या. त्यांचे सहकारी फोर्डरमान यांनी जावातील तुरुंगांची पाहणी केली, तेव्हा माणसांतही हाच संबंध आढळला. तरीही भातातील पिष्टात काही विष असावे आणि कोंडा त्यावर उतारा असावा, असेच आइकमान मानत राहिले. दोष असण्याचा नसून नसण्याचा आहे, हे १९०१ मध्ये गेरिट ग्राइन्स यांनी मांडले. १९१२ मध्ये काझिमीर फुंक यांनी अशा घटकांना 'व्हिटामिन' हे नाव सुचवले आणि १९२९ मध्ये आइकमान यांना नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला.

या कथेत आपल्या किनाऱ्याशी नाते सांगणारा एक दुवा आहे. मलायामध्ये उकडा तांदूळ खाणारे तमिळ मजूर या रोगापासून बहुतांशी दूर राहिले होते. क्वालालंपूरच्या मनोरुग्णालयात १९०५-०६ मध्ये फ्लेचर यांनी एका गटाला पांढरा आणि दुसऱ्याला उकडा तांदूळ देऊन हा फरक प्रत्यक्ष दाखवला. साळ टरफलासकट उकडली की कोंड्यातील जीवनसत्त्वाचा अंश दाण्यात मुरतो आणि पुढे सडल्यावरही बराच टिकतो. दक्षिण कोकणात आणि गोव्यात उकड्या तांदळाची पेज रोजच्या जेवणात होती; तिच्यामागे सिद्धान्त नव्हता, सवय होती.

महाराष्ट्रात हा प्रश्न सार्वजनिक झाला तो वर्ध्यात. डिसेंबर १९३४ मध्ये अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला, मगनवाडीत त्याचे कार्यालय आले आणि जे. सी. कुमारप्पा त्याचे चिटणीस झाले. असडीक तांदूळ, हातदळणाचे पीठ आणि गूळ यांचा गांधीजींनी 'हरिजन'मधून पुरस्कार केला. त्यांचा युक्तिवाद दुहेरी होता : गिरणी अन्नातील सत्त्व काढून घेते आणि गावातील रोजगारही. कांडपाला मजुरी मिळावी, हा विचार त्यात होता.

परंतु घरातल्या कांडपाला आणि दळणाला मजुरी कोण देणार होते? जात्यावरच्या ओव्या आपण वर्गात शिकवतो, तेव्हा त्यांतील माहेर, भाऊ, विठ्ठल यांच्याकडे लक्ष वेधतो. त्याच ओव्यांत दळताना भरून आलेल्या हातांचाही उल्लेख असतो. हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ यांच्या प्रयत्नांतून एक लाखाहून अधिक ओव्यांचा संग्रह झाला, तो पिठाच्या गिरण्या गावोगाव पोचल्यामुळे जाते मुके होऊ लागल्यानंतर. ओवी गेल्याची हळहळ अभ्यासकाला वाटते; पहाटेचे दळण सुटलेल्या बाईला ती तशीच वाटावी, अशी अपेक्षा करणे अन्यायाचे होईल.

म्हणून 'पुन्हा जुन्याकडे' ही घोषणा आम्हांस अपुरी वाटते. आज रबरी रूळ बसवलेले यंत्र केवळ टरफल काढून कोंडा राखू शकते. कुणाच्या खांद्याला त्यासाठी दुखावे लागत नाही. संपूर्ण धान्य खाणाऱ्यांत हृदयविकार आणि मधुमेह यांचे प्रमाण कमी आढळते, हेही अनेक पाहण्यांतून दिसले आहे. असे असूनही असडीक तांदूळ बाजारात अनेकदा पांढऱ्याहून महाग मिळतो. एके काळी कोंडा काढणे ही चैन होती, आता तो राखणे ही चैन ठरू पाहते. १५ ऑगस्ट २०२१ रोजी सरकारने सार्वजनिक योजनांतील तांदळात लोह व जीवनसत्त्वे मिसळण्याची घोषणा केली. मिसळलेल्या साऱ्याच गोष्टी कोंड्यात असतात असे नाही. तरीही आधी काढायचे आणि मग घालायचे, या क्रमाचा विचार व्हायला हवा. दाण्यावर कोंडा राहावा की नाही, हे पूर्वी कांडणारीच्या दमावर ठरत असे. आता ते धोरणाने ठरू शकते, आणि त्याची सुरुवात शिधावाटपाच्या दुकानापासून व्हायला हवी.