हत्तीपायाचा शोध

वऱ्हाडातल्या जिना-प्रेसांतून संघटनेचे काम करताना हत्तीपाय झालेले हमाल आम्ही पाहिले आहेत. एका कारखान्याने अशा गड्यास ऐन हंगामात घरी बसविले. ‘नशिबाचे भोग,’ असे मुकादम म्हणाला, आणि दुःखाची गोष्ट ही की गड्यालाही ते पटले होते. हे भोग नशिबाचे नव्हेत, हे माणसाला कसे कळत गेले, तोच इतिहास येथे सांगावयाचा आहे.

सुश्रुताने ह्या रोगास श्लीपद म्हटले, आणि जुने पाणी साचून राहणाऱ्या प्रदेशांत तो विशेष होतो हेही नोंदविले. पाण्याचा आणि पायाचा दुवा मात्र कित्येक शतके हाती लागला नाही. १८७२ साली कलकत्त्यास टिमथी लुइस ह्यांना माणसाच्या रक्तात सूक्ष्म कृमी दिसले. १८७७ साली चीनमधील अमॉय बंदरात पॅट्रिक मॅन्सन ह्यांनी आपल्या रोगी माळ्याचे रक्त डासांना पाजले, तो डासांच्या अंगात तेच कृमी वाढू लागले! मॅन्सन ह्यांना वाटे, डास पाण्यात मरतो आणि ते पाणी पिऊन रोग होतो. चावण्यातूनच कृमी शिरतात, हे १९०० च्या सुमारास उलगडले.

हे कृमी रक्तात रात्री उतरतात. १८८१ साली लंडनच्या मॅकेन्झी ह्यांनी एका रोग्यास दिवसा झोपविले व रात्री जागविले. कृमींनीही पाळी बदलली. रातपाळीच्या मंडळींनी हे ध्यानात घ्यावे.

पण पाय का फुगतो? शरीरात झिरपलेले पाणी लसिकावाहिन्या रक्तात परत नेतात. त्यांना एकेरी झडपा असतात. कृमींचे जोडपे तेथे वर्षानुवर्षे बिऱ्हाड करते. वाहिनी रुंदावते, झडपा मिटेनाशा होतात, वेड्यावाकड्या नव्या वाहिन्या फुटतात, आणि लस तुंबते. मग बोटांमधल्या भेगांतून जंतू शिरतात; ताप येतो, सूज चढते, आणि दर खेपेस कातडी अधिक जाड होते. म्हणूनच साबणपाण्याने रोज पाय धुऊन कोरडा ठेवणे हा गरिबाचा मोठा उपचार आहे. वाढलेला पाय गोळीने पूर्ववत होत नाही.

डायएथिलकार्बमाझिन हे औषध १९४७ साली आले, आणि १९५५ साली आपल्या देशाने हत्तीरोगाविरुद्ध राष्ट्रीय कार्यक्रम उघडला. २००४ पासून बाधित जिल्ह्यांत सर्वांनाच वर्षातून एकदा गोळ्या देण्याचे धोरण आले. आरोग्यसेवक ती समोर गिळावयास सांगतात. धडधाकट गडी ‘मला काय झाले आहे?’ म्हणून ती खिशात टाकतो. रक्तात कृमी बाळगणारी पुष्कळ माणसे वरून अशीच धडधाकट दिसतात.