इनकमिंग फ्री होतं, तेव्हाची गोष्ट

पेण ते रोहा हे अंतर रेल्वेने चाळीसेक किलोमीटर. लँडलाइनच्या काळात एकाच जिल्ह्यातल्या या दोन गावांचे एसटीडी कोड वेगळे होते: पेण ०२१४३, रोहा ०२१९४. मोबाइल आला आणि ही सीमा पुसली गेली. पण सरकारने परवान्यांसाठी देशाचे 'सर्कल' पाडले तेव्हा मुंबई-नवी मुंबई-कल्याण एकीकडे गेलं आणि गोव्यासकट उरलेला महाराष्ट्र दुसरीकडे. त्यामुळे पेणचं सिम गडचिरोलीत आणि पणजीत घरचं, पण तासा-दीड तासावरच्या वाशीत पाहुणं! रोमिंगचे पैसे लागायचे तोवर रोज नवी मुंबईला कामाला जाणाऱ्यांना हा विनोद चांगलाच महागात पडायचा.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी प्लॅन म्हणजे 'रोज किती जीबी' एवढंच पाहिलं असेल. पण मोबाइल कंपन्या नक्की काय विकतात, हे गेल्या तीस वर्षांत अनेकदा बदललंय. आधी मिनिट विकलं, मग सेकंद, आता दिवस विकतात. या बदलात सगळ्यात जास्त नुकसान कोणाचं झालं, तर जे फक्त फोन घेतात त्यांचं.

३१ जुलै १९९५ रोजी पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कोलकात्याहून दिल्लीत दूरसंचारमंत्री सुखराम यांना भारतातला पहिला मोबाइल कॉल केला. तेव्हा गर्दीच्या वेळेचा कमाल दर मिनिटाला १६ रुपये ८० पैसे होता, आणि फोन उचलणाऱ्यालाही पैसे पडत. म्हणून लोक नंबर बघायचे, फोन कट करायचे आणि लँडलाइन शोधायचे.

१ मे २००३पासून हे बदललं. जो फोन करेल तोच पैसे भरेल, हा नियम आला. इनकमिंग फ्री! पण कंपनीच्या हिशेबात ते फुकट नव्हतंच. फोन करणाऱ्याची कंपनी फोन घेणाऱ्याच्या कंपनीला दर मिनिटामागे ठरावीक रक्कम देत असे. हा दर दूरसंचार नियामक, म्हणजे ट्राय, ठरवत असे. तो २००४ साली ३० पैसे होता, २००९ साली २० झाला.

याचा अर्थ काय, ते माझ्या आजीच्या फोनवर बघू. आम्ही पेणचे, आजी रोह्याची. ती स्वतःहून फोन करत नाही. मुलं, नातवंडं, भाचरं तिला करतात. समजा, दुसऱ्या कंपन्यांच्या नंबरांवरून तिला रोज दहा मिनिटं फोन येतात. २८ दिवसांचे झाले २८० मिनिटं. २० पैशांच्या दराने तिच्या कंपनीला ५६ रुपये मिळाले, आणि तेही आजीने रिचार्ज न करता. रिचार्ज न करणारी आजी फुकटी नव्हती, कमावती ग्राहक होती.

म्हणूनच त्या काळातल्या योजना तशा होत्या. २००५च्या अखेरीस हजार रुपयांच्या आसपास 'लाइफटाइम' इनकमिंग मिळू लागलं. (लाइफटाइम म्हणजे कंपनीच्या परवान्याचं, आपलं नाही, हे बारीक अक्षरात.) मग दहा रुपयांचा रिचार्ज आला, शाम्पूच्या पुडीसारखा. जून २००९मध्ये टाटा डोकोमोने सेकंदाला एक पैसा हा दर आणला आणि बाकीच्यांनाही त्यामागे जावं लागलं. हमरापूर-जोह्याच्या गणपती कारखान्यांतला कारागीर असो की दिवाळीनंतर वीटभट्टीवर जाणारं कातकरी कुटुंब, हातात पैसे आले की दहा रुपये टाकायचे, नाहीतर मिस्ड कॉल द्यायचा. एक रिंग म्हणजे 'पोचलो', दोन म्हणजे 'तू कर'.

मग ५ सप्टेंबर २०१६ला जिओ आलं. व्हॉइस कॉल फुकट, डेटा ३१ मार्च २०१७पर्यंत फुकट. आपल्या पिढीची चांदी झाली, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण दुसऱ्या बाजूला तो मिनिटामागचा दर उतरत होता: २०१५ साली १४ पैसे, १ ऑक्टोबर २०१७पासून ६ पैसे, १ जानेवारी २०२१पासून शून्य. आजीच्या २८० मिनिटांचे आता १६ रुपये ८० पैसेच होणार होते, आणि पुढे काहीच नाही. योगायोग बघा, १९९५ साली एका मिनिटाला जेवढे पडत तेवढेच!

कमावती आजी अशी तोट्यात गेली. २०१८च्या शेवटी एअरटेल आणि व्होडाफोन आयडियाने २८ दिवसांना किमान ३५ रुपयांचा रिचार्ज आणला. तो केला नाही, तर आधी आउटगोइंग आणि नंतर इनकमिंगही बंद. खात्यात टॉकटाइम शिल्लक असला तरी! तक्रारी आल्यावर ट्रायने कंपन्यांना ग्राहकांना नीट कळवायला सांगितलं, पण दर ठरवणं कंपन्यांवरच सोडलं. ते ३५ पुढे ४५, ७९, ९९, १५५ असे चढत गेले. जुलै २०२४मध्ये एअरटेल आणि व्हीचा १७९चा प्लॅन १९९ झाला, जिओचा १५५चा १८९. बीएसएनएलने दर वाढवले नाहीत, तेव्हा बरेच जण तिकडे वळले.

डिसेंबर २०२४मध्ये ट्रायने फक्त कॉल आणि एसएमएसचा प्लॅनही द्यायलाच हवा, असा नियम केला. जानेवारी २०२५मध्ये ते प्लॅन आले आणि मी आजीसाठी तक्ता मांडला. दिवसाला किती पडतात, एवढंच पाहायचं होतं:

एअरटेल १९९ रुपये, २८ दिवस (डेटासह): ७.११ रुपये
एअरटेल ४६९ रुपये, ८४ दिवस: ५.५८ रुपये
जिओ ४४८ रुपये, ८४ दिवस: ५.३३ रुपये
जिओ १७४८ रुपये, ३३६ दिवस: ५.२० रुपये
एअरटेल १८४९ रुपये, ३६५ दिवस: ५.०७ रुपये

२०१८च्या ३५ रुपयांच्या रिचार्जला दिवसाचा सव्वा रुपया पडत होता. शिवाय २८ दिवसांचा 'महिना' धरला की वर्षात बारा नाही, तेरा रिचार्ज होतात. २०२२ साली ट्रायने ३० दिवसांचा आणि दर महिन्याच्या त्याच तारखेला येणारा प्लॅन ठेवायला सांगितलं ते यामुळेच.

तक्त्याच्या खालच्या ओळी स्वस्त आहेत, पण त्यांना एकदम अठराशे रुपये लागतात. आजीचा रिचार्ज मी भरू शकतो. वीटभट्टीवरच्या माणसाला मात्र वरचीच ओळ परवडते, म्हणजे कमी पैसेवाल्याला दिवस जास्त महाग पडतो. पूर्वी दहा रुपयांची पुडी त्याच्यासाठी होती. आता पुडी गेली, डबाच घ्यावा लागतो.

कागदावर इनकमिंगला आजही मिनिटाचा दर नाही. दर लागलाय तो आपला फोन वाजू शकण्याला. त्यामुळे घरातल्या म्हाताऱ्या माणसाचा प्लॅन निवडताना जीबीचा रकाना सोडा आणि किमतीला दिवसांनी भागा. त्यांना कोणी हाक मारू शकावं, याचं दिवसाचं भाडं किती, ते तेवढ्याने कळतं.