उंबरठा किती उंच?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

जुन्या रेडिओची सुई एका केंद्रावरून दुसऱ्या केंद्राकडे नेताना मधल्या जागेत जी खरखर लागते, ती ऐकत आपल्या दोन-तीन पिढ्या वाढल्या. गाणे सापडले की खरखर गेली असे आपल्याला वाटते. ती जात नाही. गाण्याखाली झाकली जाते आणि गाणे थांबले की पुन्हा वर येते. पोलिसांच्या बिनतारी यंत्रापाशी रात्रभर बसणाऱ्या माणसाला ही खरखर वेड लावील, म्हणून त्या यंत्रांत एक सोय असते. संदेश नसेल तेव्हा स्पीकरचे तोंड बंद, संदेश आला की उघडे. तिला ‘स्क्वेल्च’ म्हणतात. आज ज्या लहानशा पेटीविषयी बोलायचे आहे ती या स्क्वेल्चच्याच कुळातली. तिचे नाव नॉइज गेट. रॉक संगीताच्या मंचावर, इलेक्ट्रिक गिटार वाजवणाऱ्याच्या पायाशी ती असते. काम एकच: वादक थांबला की आवाजाचे दार लावून घ्यायचे.

एवढ्याशा दाराची गरज का पडली, हे कळायला थोडे मागे जावे लागेल.

इलेक्ट्रिक गिटारचा जन्म ऐकू येण्याच्या धडपडीतून झाला. अमेरिकेतल्या मोठ्या वाद्यवृंदांत ट्रम्पेट आणि सॅक्सोफोनपुढे बिचाऱ्या गिटारचा पाडच लागत नसे. १९३१ च्या सुमारास लॉस एंजेलिसमध्ये जॉर्ज बोशाँ यांनी तारांजवळ लोहचुंबक आणि तांब्याच्या तारेचे वेटोळे बसवले. गिटारची तार हलली की वेटोळ्यात वीज उमटते आणि ती वीज स्पीकरपर्यंत नेता येते. ॲल्युमिनियमची ती गिटार दिसायला तव्यासारखी होती, म्हणून तिला ‘फ्राइंग पॅन’ हेच नाव पडले.

पण हे वेटोळे भाबडे असते. तारेचे कंपन कुठले आणि भिंतीतल्या वायरिंगची गुणगुण कुठली, हा भेद त्याला कळत नाही. ते दोन्ही उचलते. अमेरिकेत घरातली वीज सेकंदाला ६० वेळा हेलकावते, आपल्याकडे ५० वेळा. आपल्या ५० च्या गुणगुणीची एक गंमत आहे. पाश्चात्त्य स्वरमेळात ती ‘जी’ आणि ‘जी शार्प’ या दोन पट्ट्यांच्या मधे कुठेतरी पडते. म्हणजे वादक कुठल्याही पट्टीत वाजवो, ही बाई त्या गाण्यात बेसूरच.

गिब्सन कंपनीतल्या सेथ लव्हर या अभियंत्याने १९५५ साली यावर तोड काढून पेटंटसाठी अर्ज केला. पेटंट मिळाले १९५९ मध्ये. एकाऐवजी दोन वेटोळी, उलटसुलट गुंडाळलेली, चुंबकाची टोकेही उलट. बाहेरची गुणगुण दोन्हींत विरुद्ध दिशेने येते आणि आपसात कटते. तारेचा स्वर मात्र बेरजेत येतो. त्याचे नाव ‘हमबकर’, म्हणजे गुणगुणीला आडवा जाणारा. प्रश्न सुटला असे वाटायला हरकत नव्हती. पण तोवर वादकांना वेगळेच काही हवेसे वाटू लागले होते.

आपण म्हणतो, ‘आवाज वाढवू नको, स्पीकर फाटेल.’ या मंडळींना नेमका तो फाटलेला आवाज आवडला. १९५१ साली मेम्फिसमध्ये ‘रॉकेट एटी-एट’ हे गाणे मुद्रित झाले, त्यात बिघडलेल्या ॲम्प्लिफायरचा घोगरा आवाज तसाच राहू दिला आहे. १९६४ मध्ये लंडनच्या ‘द किंक्स’मधल्या डेव्ह डेव्हिसने तर स्पीकरचा कागदी पडदा ब्लेडने चिरला आणि त्या चिरलेल्या आवाजावर गाणे गाजवले. लंडनमध्येच जिम मार्शल या ड्रमशिक्षकाच्या दुकानातून दणदणीत ॲम्प्लिफायर बाहेर पडू लागले. पुढे कॅलिफोर्नियात रँडल स्मिथने आवाज वाढवणारे टप्पे एकापुढे एक जोडले, जणू एका पंपाचे पाणी दुसऱ्यात आणि दुसऱ्याचे तिसऱ्यात. याला म्हणतात ‘हाय गेन’.

स्वरात थोडी झिणझिण मिसळली की स्वर भरदार होतो, हे आपल्याला नवे नाही. तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली सुताचा दोरा सरकवून मिरजेचा कारागीर जवारी काढतो, ती दुसरे काय असते? पण जवारी तारेबरोबर सुरू होते आणि तारेबरोबर विझते. हाय गेनचा गोंधळ तार थांबल्यावरही थांबत नाही.

त्याचे कारण साध्या हिशेबात आहे. समजा, यंत्र आवाज साठ डेसिबलने वाढवते. म्हणजे विजेचा दाब हजारपट होतो. जोरात छेडलेला स्वर हजारपट व्हायच्या आधीच यंत्राच्या छताला टेकतो आणि चपटा होतो. तोच तर फाटलेला आवाज. गुणगुण मात्र इवलीशी, तिला पुरेपूर हजारपट वाढायला जागा असते. बुटक्या माळ्यावर उंच माणूस वाकून चालतो आणि लहान मूल ताठ. तिथे दोघांच्या उंचीतला फरक कमी दिसतो, तसेच हे. वादक वाजवत असतो तोवर ती गुणगुण झाकलेली असते. हात थांबला की ती शेकडो लोकांच्या कानावर आदळते. मंच लहान असेल आणि स्पीकर जवळ असेल, तर गिटार स्वतःच शिट्टी मारू लागते.

नॉइज गेट आले ते आधी स्टुडिओत. १९७० च्या सुमारास पॉल बफ यांच्या ॲलिसन रिसर्चने ‘केपेक्स’ नावाचे उपकरण काढले आणि टेप ब्लेडने कापून शांतता जोडण्याचे कष्ट वाचू लागले. पण कलावंताच्या हाती दार दिले की तो ते फक्त लावून घेण्यासाठी वापरत नाही. १९७७ साली बर्लिनच्या भिंतीलगतच्या हान्सा स्टुडिओत डेव्हिड बोवी ‘हीरोज’ गात होता. निर्माता टोनी व्हिस्कॉन्टीने तीन माइक लावले: एक तोंडाशी, दुसरा काही अंतरावर, तिसरा थेट दालनाच्या टोकाला. लांबच्या दोन माइकांवर गेट. बोवीचा आवाज चढला तरच ती दारे उघडत आणि सगळे दालन त्याच्याबरोबर गाऊ लागे. १९७९ मध्ये ह्यू पॅजमने लंडनच्या टाउनहाउस स्टुडिओत, पीटर गेब्रियलच्या अल्बमसाठी, फिल कॉलिन्सच्या ड्रमचा घुमारा गेटने मधेच कापला. त्या दशकातले कितीतरी ड्रम मग तसेच वाजले.

मंचावर गेटची खरी निकड लागली ती हेवी मेटलमध्ये. १९८० च्या दशकात मेटालिकासारख्या बँडच्या वादनात उजव्या हाताचा तळवा तारांवर दाबून तोडलेले, ठोके दिल्यासारखे स्वर आले. पुढे स्वीडनच्या मेशुगाने ती तोड इतकी गुंतागुंतीची केली, की दोन स्वरांमधला थांबा हाच तालाचा एक ठोका झाला. थांब्यात गुणगुण शिरली तर ताल चुकल्यासारखा ऐकू येतो. कवितेत यतीच्या जागी कोणी खोकावे, तसे.

जपानच्या बॉस कंपनीने १९८७ साली आणलेल्या एनएस-टू या पेटीत या कामाची एक शहाणी रीत होती. आवाज फाडणाऱ्या पेट्या तिच्या पोटातल्या वाटेने जोडता येतात. दार लागते ते फाडलेल्या आवाजावर. पण लावायचे की नाही, हे ठरते गिटारमधून नुकत्याच आलेल्या कोऱ्या आवाजावरून. का? तर फाडल्यावर स्वर आणि गुणगुण यांतले अंतर मिटते, हे आपण आताच पाहिले. कोऱ्या आवाजात ते अंतर शाबूत असते. निवाडा करायचा तर मूळ साक्षीदाराला विचारावे, हा न्याय इथेही लागू पडतो.

आता प्रत्यक्ष लावणी. गेटचे मुख्य बटण ‘थ्रेशोल्ड’, म्हणजे उंबरठा. त्याहून उंच आवाज आत येईल, ठेंगणा बाहेर राहील. हा उंबरठा घरी ठरवायचा नाही. मंचावर, त्या संध्याकाळच्या आवाजावर, दिवे लागल्यावर ठरवायचा, कारण दिव्यांचे डिमरही गिटारमध्ये घुं घुं करतात. गिटारचा आवाज पूर्ण ठेवून तारा तळव्याने दाबाव्यात आणि बटण शून्यापासून हळूहळू वर न्यावे. गुणगुण गेली की किंचित पुढे जाऊन थांबावे. दार उघडण्याचा वेग, म्हणजे ‘अटॅक’, जलद हवा, नाहीतर स्वराचे पहिले अक्षर गिळले जाते. दार लागण्याचा वेग, म्हणजे ‘रिलीज’, तोडलेल्या ठोक्यांना आखूड आणि लांब स्वरांना लांब. प्रतिध्वनीच्या पेट्या गेटच्या पुढे जोडाव्यात, नाहीतर त्यांची शेपटी दारात सापडते.

यानंतर परीक्षा. बहुतेक जण सर्वांत जोरकस तुकडा वाजवून पाहतात आणि समाधानाने मंचावरून उतरतात. जोरकस तुकडा कुठल्याही उंबरठ्यावरून उडी मारतो. त्याची परीक्षा ती काय घ्यायची? त्या रात्री वाजवायचा असेल तो सर्वांत हळुवार स्वर छेडावा आणि तो शेवटपर्यंत विझू द्यावा. तो तडकन तुटला किंवा दारात अडकून फडफडला, तर उंबरठा उंच झाला. गिटारचा आवाज उतरवून वाजवायच्या नाजूक जागी तर पायाने गेट सरळ बंदच करावे.

आणखी एक गोष्ट, ती जिवाची आहे. गेट गुणगुण मारत नाही, थांब्यापुरती लपवते. गुणगुण कधी नुसती कटकट असते, कधी निरोप असतो. ३ मे १९७२ रोजी वेल्समधल्या स्वॉन्झी गावी ‘स्टोन द क्रोज’ या बँडचा गिटारवादक लेस्ली हार्वे मंचावर विजेच्या धक्क्याने गेला. हातात गिटार होती आणि स्पर्श झाला तो अर्थिंग नसलेल्या माइकला. आपल्याकडे १९८६ मध्ये सुरू झालेला, मुंबईच्या रंगभवनाच्या उघड्या मंचावर वाढलेला ‘इंडिपेंडन्स रॉक’ असो की एखाद्या कॉलेजचा महोत्सव, उघड्यावरच्या मंचावर वायरींची जंत्री मोठी असते आणि वीज अनेकदा जनरेटरची असते. तारांना हात लावला की गुणगुण एकदम कमी-जास्त होत असेल, तर आधी अर्थिंग तपासून घ्यावे, मग गेटकडे वळावे. गुणगुण जावी म्हणून प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकणारे महाभाग असतात. त्यांना कोणीतरी वेळीच अडवायला हवे.

वायर नीट, अर्थिंग नीट, गेन हवा तेवढाच. हे सगळे केल्यावरही जी गुणगुण उरते, तेवढीच गेटने झाकायची. मग उंबरठा फार उंच करावा लागत नाही. दार बंद करण्याची सोय सापडली की माणसाला ते जास्तच घट्ट लावण्याचा मोह होतो. त्या मोहाने पहिला बळी जातो तो गोंगाटाचा नव्हे, तर हलक्या आवाजात बोलणाऱ्या स्वराचा. आणि गाणे संपल्यावर श्रोता घरी घेऊन जातो तो पुष्कळदा तोच असतो. साउंड चेकला पाच मिनिटेच मिळाली, तर त्यातली दोन त्या स्वरासाठी राखून ठेवावीत.