लाळेचा हिशोब

तोंडाच्या किंवा घशाच्या कॅन्सरला रेडिएशन द्यायचं ठरलं, की आधी सगळे दात काढून टाकायचे. किडलेले काढायचे आणि धडधाकट असतील तेही काढायचे. विसाव्या शतकात कित्येक वर्षं अनेक ठिकाणी हीच पद्धत होती.

वाचताना हे क्रूर वाटतं, पण त्याला कारण होतं. रेडिएशनमुळे लाळग्रंथी निकामी होतात. लाळ तोंडातलं आम्ल मारते, दातांना कॅल्शियम पुरवते. ती आटली की काही महिन्यांत दात हिरडीपाशी किडू लागतात. अशा दातांचं वर्णन देल रेगातो या डॉक्टरांनी १९३९ मध्येच करून ठेवलं होतं. आणि रेडिएशननंतर दात काढायची वेळ आली तर पंचाईत, कारण जबड्याचा रक्तपुरवठा घटलेला असतो. जखम भरत नाही, हाडच मरू शकतं. म्हणून आधीच सगळे दात काढून मोकळं व्हायचं.

१९७० च्या दशकात ह्यूस्टनमध्ये सॅम्युअल ड्रायझन आणि सहकाऱ्यांनी साधा उपाय दाखवला. रुग्णाच्या दातांच्या मापाचा ट्रे बनवायचा, त्यात फ्लोराइडची जेल भरायची आणि ती रोज, न चुकता लावायची. दात वाचू लागले.

लाळेचं काय? माझ्या मामाचं रेडिएशन जुन्या पद्धतीने झालं. कॅन्सर गेला, पण आजही भाकरीचा घास पाण्याच्या घोटाशिवाय उतरत नाही.

नव्या पद्धतीचं, आयएमआरटीचं, गणित मला ओळखीचं वाटलं. आधी किरणांच्या दिशा ठरवून डोस मोजत. आता कुठे किती डोस हवा ते सांगायचं आणि किरणांची तीव्रता कॉम्प्युटरने शोधायची. स्वीडनच्या अँडर्स ब्राह्मे यांनी १९८० च्या दशकात ही उलटी वाट मांडली. पण कॉम्प्युटर सांगाल तेवढंच सांभाळतो. लाळग्रंथी सांभाळायची, तर आकडा द्यावा लागतो.

तो मिशिगनमध्ये मिळाला. आइसब्रुख आणि सहकाऱ्यांनी रुग्णांची लाळ मोजली आणि १९९९ मध्ये सांगितलं, की कानाजवळच्या लाळग्रंथीला सरासरी सुमारे २६ ग्रेपेक्षा कमी डोस मिळाला, तर लाळ बरीचशी परत येते. गाठीला साधारण ७० ग्रे लागतात. २०११ मध्ये ब्रिटनमधल्या ९४ रुग्णांच्या चाचणीचे निकाल आले: वर्षभरानंतर जुन्या पद्धतीत ७४ टक्क्यांना तोंडाच्या कोरडेपणाचा लक्षणीय त्रास होता, आयएमआरटीत ३८ टक्क्यांना. मुंबईच्या टाटा मेमोरियलनेही ६० रुग्णांवर तुलना केली. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या निकालातही लाळेच्या बाबतीत आयएमआरटीच सरस ठरली.

मशीन सुधारलं हे खरंच. पण त्याआधी कुणीतरी लाळेला हिशोबात धरलं. तुमच्या घरात कुणाचं रेडिएशन ठरलं असेल, तर सुरू होण्याआधी दोन गोष्टी करा. पेशंटला दातांच्या डॉक्टरकडे न्या. आणि रेडिएशनच्या डॉक्टरांना विचारा, ‘लाळग्रंथी किती वाचेल?’