तात्या विंचूची वंशावळ

नव्वदच्या दशकात महाराष्ट्रात वाढलेल्या कुणालाही विचारा, लहानपणी पडद्यावर सगळ्यात जास्त कोणाला घाबरलात? बहुतेक जण गब्बर किंवा मोगॅम्बोचं नाव घेणार नाहीत. नाव येईल ते हातभर उंचीच्या एका बाहुल्याचं. १९९३ साली आलेला महेश कोठारे यांचा ‘झपाटलेला’ खरं तर विनोदी चित्रपट. लक्ष्मीकांत बेर्डे आहेत, विजय चव्हाण आहेत, थिएटरात हशाही भरपूर होता. पण घरी आल्यावर मुलांच्या डोक्यात राहिला तो तात्या विंचू, आणि कपाटावरच्या बिचाऱ्या बाहुल्यांची रवानगी कपाटाच्या आत झाली.

तात्या आला कुठून, याचं झटपट उत्तर सगळ्यांना ठाऊक असतं: अमेरिकेतल्या ‘चकी’वरून उचलला. उत्तर खोटं नाही, पण वंशावळ बापापाशी थांबत नाही. चकीलाही आजा-पणजा आहेत. त्यांच्या मागे लागलं की लक्षात येतं, या घराण्याची खरी मालमत्ता लाकूड, रबर किंवा रंगवलेले डोळे ही नव्हेच. जवळजवळ माणसासारखा, पण पुरता माणूस नसलेला चेहरा आपल्याला अस्वस्थ करतो, असं जपानचे मासाहिरो मोरी यांनी १९७० साली मांडलं आणि तेव्हापासून बाहुल्यांच्या भीतीचं खापर चेहऱ्यावर फुटत आलंय. पण चेहऱ्याने तात्या माणसाच्या फार जवळ जातच नाही. गप्प असतो तेव्हा तो दुकानात ठेवण्याजोगा आहे. तोंड उघडलं की मामला बदलतो. आवाज तर आला, पण तो आहे कोणाचा? हे घराणं चालतं ते या एका प्रश्नावर.

जुन्या काळी याचं उत्तर सोपं होतं: मेलेल्याचा. ओठ न हलवता, पोटातून आल्यासारखा आवाज काढणारी माणसं ग्रीकांना माहीत होती. त्यांच्या पोटात कुणीतरी शिरून बोलतंय, असा समज होता. बायबलमधला शौल राजा लढाईच्या आदल्या रात्री एन-दोरच्या बाईकडे जातो आणि मेलेल्या शमुवेलाला बोलावून घे म्हणतो. त्या बाईचा उल्लेख बायबलच्या जुन्या ग्रीक भाषांतरात ‘पोटातून बोलणारी’ असाच आहे. तेव्हा बाहुला नव्हता. आवाज होता आणि त्यामागे भूत होतं.

भुताला पहिला मोठा धक्का दिला तो एका वाण्याने. फ्रान्समध्ये सँ-जर्मँ-आँ-ले या गावात सँ-जिल नावाचा दुकानदार होता. त्याच्यावर आबे द ला शापेल या धर्मगुरूने १७७२ साली एक ग्रंथच लिहिला. त्यातला एक किस्सा असा. पावसात सापडलेला सँ-जिल एका मठाच्या आश्रयाला जातो. मठातला एक साधू नुकताच वारलेला असतो. प्रार्थनागृहात त्याच्याबद्दल बोलणं चाललेलं असताना वरून त्याच मृत साधूचा आवाज येतो: आपल्या हालअपेष्टांबद्दल कण्हणारा, तुम्ही माझ्यासाठी मनापासून प्रार्थना करत नाही म्हणून मठवासीयांना दोष देणारा. सगळे जमिनीवर लोटांगण घालतात आणि प्रार्थना म्हणू लागतात. मग सँ-जिल सांगतो, तो आवाज माझा होता. तर त्यावर त्यांचा विश्वास बसत नाही! करामत पुन्हा करून दाखवावी लागते. भुतावर विश्वास चटकन बसला, माणसावर बसायला पुरावा लागला.

ही करामत चालते कशी, हे पाहण्यासारखं आहे. आवाज ‘फेकला’ जातो असं आपण म्हणतो, पण आवाज कुठेच जात नाही, तो गळ्यातूनच येतो. फसतो तो आपला मेंदू. आवाज ऐकू येतो आणि समोर एक तोंड हलताना दिसतं, तेव्हा मेंदू दोघांची गाठ मारून टाकतो. कानापेक्षा डोळ्याची साक्ष ग्राह्य धरतो. बाहुल्याच्या पाठीला पोकळी असते. आत हात घालून डोक्याची दांडी धरायची आणि चाप ओढून खालचा जबडा हलवायचा. आपले ओठ किंचित उघडे, पण स्थिर. अडचण एकच: प, फ, ब, भ, म. ही अक्षरं ओठ मिटल्याशिवाय नीट निघत नाहीत. म्हणून शब्दभ्रमकार जिभेने त्यांच्या जवळपासचा आवाज काढतो आणि उरलेलं काम ऐकणाऱ्याच्या कानावर सोडून देतो.

या खेळात बाहुली अठराव्या शतकातच आली होती. व्हिएन्नाचे बॅरन मेंगेन खिशात मावणाऱ्या बाहुलीशी गप्पा मारत. पण बाहुला मांडीवर बसवून त्याच्याशी भांडण्याचा जो खेळ आपल्या ओळखीचा आहे, तो एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लंडनच्या करमणूकगृहांत रुजला. फ्रेड रसेल आणि त्याचा आगाऊ पोरगा ‘कोस्टर जो’ ही त्यातली नावाजलेली जोडी. इथे उत्तर बदललं. आवाज भुताचा नाही, माणसाचाच आहे आणि ते प्रेक्षकांना ठाऊक आहे. गंमत अशी की बाहुला ते बोलतो जे माणूस बोलू धजत नाही. आपल्याकडे यशवंत केशव पाध्ये यांनी ‘अर्धवटराव’ उभा केला तो याच परंपरेतून. पुढे रामदास पाध्ये यांनी त्याला दूरदर्शनच्या जमान्यात घरोघरी पोहोचवलं. अर्धवटराव चारचौघांत वाट्टेल ते बोलायचा आणि कोणी रागवायचं नाही, कारण रागवायचं कोणावर?

हीच सोय पुढे सिनेमाने उलटी फिरवली. बाहुला मालकाच्या मनातलं बोलतो ना, मग त्या मनात काय काय असेल? बोलपट येऊन जेमतेम दोन वर्षं होतात तोच, १९२९ साली, ‘द ग्रेट गाबो’ आला. एरिक फॉन स्ट्रोहाइमने रंगवलेला गाबो घमेंडखोर आणि कोरडा. त्याच्यात जी काही माया आहे ती फक्त ओटो या बाहुल्याच्या तोंडून बाहेर पडते.

त्याच सुमारास खऱ्या आयुष्यातही असंच काहीसं घडत होतं. एडगर बर्गन हा शब्दभ्रमकार १९३७ पासून आपल्या चार्ली मॅकार्थी या बाहुल्यासह अमेरिकन रेडिओ गाजवू लागला. रेडिओवर शब्दभ्रम! ओठ हलले की नाही हे दिसण्याचा प्रश्नच नाही, म्हणजे कसब पाहायला श्रोते येत नव्हते. ते चार्लीला ऐकायला येत होते. १९३८ साली ऑस्करवाल्यांनी बर्गनला खास लाकडी ऑस्कर दिलं, जबडा हलणारं. घरात चार्लीला स्वतंत्र खोली होती. बर्गन १९७८ साली वारला, तेव्हा मृत्युपत्रात चार्लीच्या देखभालीसाठी १०,००० डॉलर ठेवलेले होते. मुलगी कँडिस बर्गन, पुढे नामवंत अभिनेत्री झालेली, तिचं नाव त्यात नव्हतं. याला भयकथा म्हणता येणार नाही, पण भयकथेचा सगळा कच्चा माल यात आहे.

तो माल १९४५ साली इंग्लंडच्या ईलिंग स्टुडिओने वापरला. ‘डेड ऑफ नाइट’ हा अनेक कथांचा चित्रपट. त्यातली शब्दभ्रमकाराची कथा अल्बेर्तो कावालकान्ती याने दिग्दर्शित केली. मायकल रेडग्रेव्हने केलेला मॅक्सवेल फ्रिअर आणि त्याचा बाहुला ह्यूगो. ह्यूगो मालकाचा उघड पाणउतारा करतो आणि दुसऱ्या एका शब्दभ्रमकाराबरोबर निघून जाण्याच्या गोष्टी करतो. फ्रिअर मत्सराने पेटतो, प्रतिस्पर्ध्यावर गोळी झाडतो, कोठडीत ह्यूगोचा चेहरा चिरडतो. शेवटी तो इस्पितळातल्या खाटेवर पडलेला आहे. तोंड उघडतो, आणि आवाज येतो ह्यूगोचा. लाकडाचा चुरा झाला तरी आवाज शिल्लक आहे आणि त्याला आता माणसाचं तोंड मिळालं आहे. ह्यूगोत खरंच काही शिरलं होतं की फ्रिअर वेडा झाला होता, चित्रपट सांगत नाही. या घराण्याचा मूळपुरुष कोण म्हणाल, तर माझं मत ह्यूगोला. ‘द ट्वायलाइट झोन’ या मालिकेचा १९६२ सालचा ‘द डमी’ हा भाग आणि १९७८ सालचा अँथनी हॉपकिन्सचा ‘मॅजिक’ ही त्याचीच पोरं.

दुसरी शाखा निघाली खेळण्यांच्या कारखान्यातून. एडिसनने १८९० साली पोटात छोटा फोनोग्राफ बसवलेली बाहुली विकायला काढली. पाठीतला दांडा फिरवला की ती बालगीत म्हणायची. आवाज इतका चिरका आणि यंत्र इतकं नाजूक, की काही आठवड्यांतच बाहुल्या बाजारातून मागे घ्याव्या लागल्या. सत्तर वर्षांनी मॅटेल कंपनीने हे जमवून दाखवलं: ‘चॅटी कॅथी’, दोरी ओढली की वाक्य बोलणारी. तिचा आवाज होता जून फोरे या कलावतीचा. १९६३ साली ‘द ट्वायलाइट झोन’मध्ये ‘लिव्हिंग डॉल’ हा भाग आला. त्यात टॉकी टीना नावाची बाहुली घरातल्या सावत्र बापाला गोड आवाजात धमक्या देते आणि अखेर त्याचा जीव घेते. टीनाचा आवाजही जून फोरेचाच! दुकानात मुलींना रिझवणारा गळा आणि पडद्यावर मोठ्या माणसांना घाम फोडणारा गळा एकच. फरक एवढाच की टीनाच्या मागे कोणीच नाही. मांडी नाही, मालक नाही. तिच्या आवाजाचा खुलासा कथा देत नाही.

चकी या कारखान्याच्या शाखेतला. १९८३ च्या नाताळात ‘कॅबेज पॅच’ बाहुल्यांसाठी अमेरिकन दुकानांत आईबापांची मारामारी झाली होती. त्या वेडाची सावली १९८८ च्या ‘चाइल्ड्स प्ले’वर आहे. डॉन मॅन्सिनीची कल्पना, टॉम हॉलंडचं दिग्दर्शन, ब्रॅड डूरिफचा आवाज. चार्ल्स ली रे हा खुनी पोलिसांची गोळी लागून मरता मरता खेळण्यांच्या दुकानात वूडूचा मंत्र म्हणतो आणि एका बाहुल्यात शिरतो. यातला सगळ्यात भयंकर प्रसंग रक्ताचा नाही. लहानगा अँडी सांगत असतो की चकी माझ्याशी बोलतो. कोणी ऐकत नाही. बोलणारं खेळणंच आहे, बोलणारच की. मग एका रात्री आई बाहुल्याचा रिकामा खोका उचलते आणि त्यातून बॅटऱ्या खाली पडतात. म्हणजे इतके दिवस… ती बाहुल्याच्या पाठीवरचं झाकण उघडून पाहते. आत काही नाही. आवाज कोणाचा, हा घराण्याचा जुना प्रश्न इथे दोन बॅटऱ्यांत मांडलाय.

आता ‘झपाटलेला’ पाहा. मरता मरता गुंडाने बाहुल्यात शिरणं, ज्याला पहिल्यांदा गुपित सांगितलं त्याच्याच शरीरात परत जाता येणं, बाहुल्याने खून करावा आणि संशय निरपराध माणसावर जावा: सांगाडा चकीचा आहे. पण चकीने ज्याला हाकलून दिलं होतं त्या शब्दभ्रमकाराला कोठाऱ्यांनी परत आणलं. अँडी गिऱ्हाईक होता; आपला लक्ष्या बोलक्या बाहुल्यांचा खेळ करणारा आहे. त्यामुळे त्याचं दुःख दुप्पट होतं. बाहुला बोलतोय म्हणून त्याने टाहो फोडला, तरी लोक म्हणणार, बोलणारच, तूच तर बोलवतोस! फ्रिअरची कोंडी आणि अँडीची कोंडी एकाच माणसाच्या वाट्याला आली आणि ती बेर्ड्यांच्या वाट्याला आल्यामुळे आपण हसलोही. विभक्त झालेल्या दोन शाखा मराठीत अशा एकत्र नांदल्या, यामागे मला एक साधं कारण दिसतं: पाध्ये घराण्यामुळे इथल्या प्रेक्षकाला बोलका बाहुला म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नव्हतं. तात्याचा बाहुला घडवला आणि हलवला तोही रामदास पाध्ये यांनीच. अर्धवटरावाला ज्या हातांनी बोलतं केलं, तेच हात तात्याच्या मागे होते.

वूडूची जागा मंत्राने घेतली, तीही सहज. शंकराचार्य अमरुक राजाच्या मृत देहात शिरले ही कथा आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. परकायाप्रवेश आपल्याला नवा नाही. बोलक्या बाहुल्याही नव्या नाहीत. पण सिंहासन बत्तिशीतल्या बत्तीस पुतळ्या राजा भोजाला अडवतात त्या त्याची लायकी विचारायला. त्या घाबरवत नाहीत, हिशेब मागतात. बोलक्या बाहुलीला घाबरणं ही आपल्याकडे बाहेरून आलेली सवय आहे. मंत्राची एक गंमतही नोंदवण्याजोगी: तो भ आणि फ यांनी ठासून भरलेला आहे. मंचावर ओठ न हलवता तो म्हणायचा तर भल्याभल्यांची दमछाक होईल. तात्याला ती फिकीर नव्हती, कारण त्याचा आवाज दिलीप प्रभावळकरांचा, मागाहून चढवलेला. तसा सिनेमा हाच मुळात शब्दभ्रम. आवाज भोंग्यातून येतो आणि आपण तो पडद्यावरच्या तोंडाला बहाल करतो.

पुढची पिढी आत्म्याशिवायच जन्मली. फेब्रुवारी २०१७ मध्ये जर्मनीच्या दूरसंचार नियामकाने ‘माय फ्रेंड कायला’ या इंटरनेटला जोडलेल्या बाहुलीवर बंदी घातली, लपवलेलं हेरगिरीचं साधन म्हणून. जवळपासचा कोणीही अनोळखी माणूस ब्लूटूथवरून तिच्यात शिरून मुलाचं बोलणं ऐकू शकत होता आणि तिच्या तोंडून बोलूही शकत होता. दोन वर्षांनी ‘चाइल्ड्स प्ले’ नव्याने निघाला, तेव्हा चकीत खुन्याचा आत्मा नव्हता. वैतागलेल्या एका कामगाराने चिपमधले सुरक्षेचे निर्बंध काढून टाकले होते, बस्स. २०२२ च्या ‘मेगन’मध्ये तर बाहुली स्वतःच शिकते, स्वतःच ठरवते. शेवटी तिच्या शरीराची मोडतोड होते आणि सगळे सुटकेचा श्वास टाकतात, तेवढ्यात घरातलं बोलकं यंत्र आपोआप जागं होतं. चकीला मारायला काळजात गोळी घालायची, तात्याला दोन भुवयांच्या मध्ये, असे नियम होते, कारण आवाजाला राहायला शरीर लागत होतं. मेगनला ते लागत नाही. बाहुला या घराण्यात आला तो आवाजाला तोंड देण्यासाठी. ती गरजच संपली असेल, तर यापुढे घाबरायला आपल्याला बाहुल्याची आवश्यकता उरलेली नाही. बोलणारा कोण आणि ऐकणारा कोण, हे ठाऊक नसलेली एखादी वस्तू घरात असली की पुरे. आणि ती आपण दुकानातून स्वतःच विकत आणतो.