मुख्य किल्ली हाती न देता अधिकार देणारी 'सुडो'

भिवंडी हे यंत्रमागांचे शहर. मुंबई-नाशिक महामार्गालगत आणि आसपासच्या गावांत उभ्या राहिलेल्या गोदामांनी त्याला दुसरी ओळख दिली. मालाची आवक-जावक रात्रंदिवस चालणाऱ्या अशा एखाद्या गोदामात साठ्याच्या नोंदी लिनक्स सर्व्हरवर ठेवलेल्या असतील, तर एक प्रश्न हमखास उभा राहतो. रात्रपाळीत लेबल छापणारी सेवा बंद पडली तर ती पुन्हा सुरू कोणी करायची? संगणक व्यवस्थापक घरी असतो आणि कामावरच्या ऑपरेटरला तो अधिकार नसतो. मग सोय म्हणून 'रूट' या सर्वाधिकारी खात्याचा पासवर्ड चार-पाच जणांना सांगितला जातो. सेवा सुरू होते. पण पुढे सर्व्हरवर कोणी काय केले याचा हिशेब लागत नाही. कोणी नोकरी सोडली की पासवर्ड बदलून उरलेल्यांना पुन्हा कळवावा लागतो. या अडचणीवर युनिक्स आणि लिनक्सच्या जगात रुळलेला उपाय म्हणजे 'सुडो' ही आज्ञावली.

सुरुवात आणि तत्त्व

सुमारे १९८० मध्ये अमेरिकेत न्यूयॉर्क राज्य विद्यापीठाच्या बफेलो येथील संगणकशास्त्र विभागात बॉब कॉगशॉल आणि क्लिफ स्पेन्सर यांनी सुडो प्रथम लिहिली. पुढे कोलोरॅडो विद्यापीठात तिच्यात सुधारणा झाल्या. १९९०च्या दशकापासून टॉड मिलर तिची देखभाल करीत आहेत. तिचा सोर्स कोड सर्वांसाठी खुला आहे.

तिचे तत्त्व साधे आहे. वापरणारा रूटचा नव्हे, तर स्वतःचाच पासवर्ड देतो. सुडो नियमांची फाइल तपासते, परवानगी असेल तर तेवढी एकच आज्ञा रूटच्या अधिकाराने चालवते आणि कोणी, केव्हा, कोणती आज्ञा दिली याची नोंद ठेवते. नाकारलेल्या प्रयत्नांचीही नोंद होते.

सोर्स कोडपासून उभारणी

बहुतेक लिनक्स वितरणांत सुडो तयार पॅकेजच्या रूपात मिळते आणि सर्वसाधारण कार्यालयाला तेच पुरेसे असते. जुन्या सर्व्हरसाठी नवे पॅकेज उपलब्ध नसेल किंवा विशिष्ट सुविधा हव्या असतील, तर सोर्स कोडपासून उभारणी करावी लागते. त्यासाठी सी भाषेचा कंपायलर आणि 'मेक' हे साधन लागते. लिनक्सवर पासवर्ड तपासण्याचे काम सहसा 'पॅम' यंत्रणेमार्फत होते, म्हणून तिच्या विकसन-फाइलीही हव्यात.

संच सुडोच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच उतरवावा आणि त्याची डिजिटल स्वाक्षरी पडताळून पाहावी. सर्वाधिकार हाताळणारी आज्ञावलीच बनावट निघाली, तर पुढची सारी काळजी व्यर्थ ठरते. संच उलगडून प्रथम 'कॉन्फिगर' ही स्क्रिप्ट चालवावी. ती यंत्रातील सुविधा तपासते. नंतर 'मेक' आणि चाचण्यांसाठी 'मेक चेक' चालवावे. इथपर्यंतचे काम साध्या खात्यातून करावे. केवळ शेवटच्या 'मेक इन्स्टॉल' या पायरीला रूटचा अधिकार लागतो.

येथे तीन गोष्टींकडे लक्ष हवे. वेगळी सूचना न दिल्यास नवी सुडो 'यूएसआर'मधील 'लोकल' शाखेत बसते आणि वितरणासोबत आलेली जुनी प्रत आपल्या जागी तशीच राहते. जुन्या प्रतीत दोष असेल तर तो दरवाजा उघडाच राहतो. म्हणून कोणती प्रत चालते हे तपासावे आणि जुनी काढून टाकावी. दुसरे, 'पॅम'च्या निर्देशिकेत सुडोसाठी योग्य फाइल नसेल, तर अचूक पासवर्डही नाकारला जाऊ शकतो. तिसरे, चाचणी पूर्ण होईपर्यंत दुसऱ्या खिडकीत रूटचे एक सत्र उघडे ठेवावे, म्हणजे चूक झाली तरी परतीची वाट राहते.

नियम कसे लिहावेत

परवानग्या 'सुडोअर्स' या फाइलीत असतात. ती साध्या संपादकात न उघडता 'व्हीसुडो'नेच उघडावी. ही आज्ञा एका वेळी दोघांना फाइल बदलू देत नाही आणि मजकूर साठवण्यापूर्वी त्यातील व्याकरणाच्या चुका दाखवते. प्रत्येक नियमात चार गोष्टी सांगायच्या असतात : कोण, कोणत्या यंत्रावर, कोणाच्या नावाने आणि कोणती आज्ञा. गोदामाच्या उदाहरणात रात्रपाळीच्या ऑपरेटरांचा एक गट करून त्याला केवळ लेबल छापणारी सेवा पुन्हा सुरू करण्याची आज्ञा द्यावी. ती पूर्ण पथासह आणि नेमक्या घटकांसह लिहावी.

'हे सोडून सर्व काही' अशा धर्तीचे नियम टाळावेत. मनाई केलेल्या आज्ञेची प्रत दुसऱ्या नावाने करून ती चालवणे अवघड नसते. २०१९ मध्ये उघड झालेल्या एका दोषात, 'रूट सोडून कोणत्याही नावाने' अशी परवानगी असलेला वापरकर्ता खातेक्रमांक उणे एक देऊन रूटच बनू शकत होता. तसेच 'व्हीआय'सारखा संपादक रूटच्या अधिकाराने देऊ नये, कारण त्यातून थेट शेल उघडता येते. फाइल बदलण्यापुरता अधिकार द्यायचा असेल तर 'सुडोएडिट' वापरावे. आपल्याला कोणते अधिकार आहेत, हे प्रत्येक वापरकर्त्याला सुडोच्या 'एल' पर्यायाने पाहता येते.

नोंदी त्याच सर्व्हरवर ठेवणे पुरेसे नाही. ज्याला रूटचे संपूर्ण शेल मिळते त्याला त्या पुसताही येतात. म्हणून त्यांची प्रत दुसऱ्या यंत्रावर पाठवणे इष्ट.

उभारणीनंतरची जबाबदारी

जानेवारी २०२१ मध्ये क्वालिस या कंपनीच्या संशोधकांनी सुडोतील एक गंभीर दोष जाहीर केला. जुलै २०११ पासून तो कोडमध्ये दडून होता आणि सुडोअर्समध्ये नाव नसलेल्या स्थानिक वापरकर्त्यालाही रूटचे अधिकार मिळवून देत होता. १.९.५पी२ या आवृत्तीत तो दूर झाला. जून २०२५ मध्ये आणखी एक गंभीर दोष समोर आला, तो १.९.१७पी१ आवृत्तीत दुरुस्त करण्यात आला.

तयार पॅकेज वापरणाऱ्यांपर्यंत अशा दुरुस्त्या वितरणाच्या नेहमीच्या अद्ययावतीकरणातून पोहोचतात. सोर्स कोडपासून उभारलेल्या प्रतीला ती सोय नसते. सुरक्षेच्या सूचना वाचणे, नवी आवृत्ती बांधणे आणि ती बसवणे ही कामे व्यवस्थापकाच्याच शिरावर येतात. एवढी देखरेख नियमितपणे करता येणार नसेल, तर वितरणाचे पॅकेजच वापरावे.