महाविद्यालयीन समुपदेशक : पदव्युत्तर प्रशिक्षण

महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलामुलींच्या मानसिक अडचणींवर त्यांच्याशी बोलून, शास्त्रीय पद्धतीने काम करणाऱ्यांना पदवीनंतर दिले जाणारे शिक्षण. मानसशास्त्रातील सिद्धांत, मुलाखतीची कौशल्ये, चाचण्या, व्यावसायिक नीती आणि जाणत्या व्यक्तीच्या देखरेखीखाली केलेले प्रत्यक्ष काम हे त्याचे भाग. यांतला शेवटचा भाग सर्वांत मोलाचा आणि आपल्याकडे सर्वांत दुबळा आहे. वसई-विरारसारख्या शहरात हा दुबळेपणा विशेष जाणवतो, म्हणून या नोंदीत तो परिसर समोर ठेवला आहे.

मुंबईत समुपदेशन आले ते व्यवसाय-मार्गदर्शनाच्या वाटेने. पारशी पंचायतीने १९४७ मध्ये आणि मुंबई सरकारने १९५० मध्ये व्यवसाय-मार्गदर्शन केंद्रे काढली. कोणत्या मुलाने कोणती शाखा घ्यावी, हा त्यांचा मुख्य प्रश्न होता. मुंबई विद्यापीठाचा उपयोजित मानसशास्त्र विभाग १९५९ चा. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी आणि सहकाऱ्यांनी १९९० मध्ये इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ (आयपीएच) उभी केली. मनाच्या आजारांविषयी मराठीत, न लाजता बोलण्याची सवय लावण्यात या संस्थेचा वाटा मोठा आहे. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने २०१२ मध्ये ‘आयकॉल’ ही दूरध्वनी-समुपदेशन सेवा सुरू केली. याच संस्थेत समुपदेशन मानसशास्त्राचा दोन वर्षांचा एम.ए. अभ्यासक्रम चालतो.

नोकरी सांभाळून शिकणाऱ्यांचा आधार होता तो इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचा मानसशास्त्रातील एम.ए. जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून विद्यापीठ अनुदान आयोगाने दूरस्थ आणि ऑनलाइन पद्धतीने मानसशास्त्र शिकवण्यास मनाई केली. समोर माणूस बसल्याशिवाय हे काम शिकता येत नाही, हे खरेच. पण विरारहून रोज प्रवास करणे न परवडणाऱ्या गृहिणीची किंवा शिक्षिकेची वाटही त्यामुळे बंद झाली. मुंबई महानगरातली जुनी, नावाजलेली प्रशिक्षणस्थळे सगळी वसईच्या खाडीपलीकडे आहेत. टाटा संस्थेत, म्हणजे देवनारला, जायचे तर दादरला गाडी बदला, कुर्ल्याला पुन्हा बदला आणि गोवंडीला उतरा.

राज्यात नव्या शैक्षणिक धोरणानुसार दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी ८८ श्रेयांकांची असते. त्यात ‘ऑन जॉब ट्रेनिंग’चे श्रेयांक चार, म्हणजे साधारण १२० तास. अमेरिकेत समुपदेशन-अभ्यासक्रमांना मान्यता देणारी संस्था १०० तासांचा सराव आणि त्यावर ६०० तासांची इंटर्नशिप मागते. आकड्यांवरून गुणवत्ता ठरत नाही. तरी इतके अंतर दुर्लक्षिण्याजोगे नाही.

या तासांत घडते काय? प्रशिक्षणार्थी विद्यार्थ्याशी झालेले सेशन आठवून शब्दशः लिहून काढतो, किंवा विद्यार्थ्याच्या संमतीने ध्वनिमुद्रित करतो. पर्यवेक्षक ते वाचतो आणि विचारतो, ‘तो वडिलांबद्दल बोलायला लागला तेव्हा तू विषय परीक्षेकडे का नेलास?’ नवख्याचा पहिला ओढा सल्ला देण्याकडे असतो. आपल्याकडे वडीलधाऱ्याने उपदेश करायचा आणि लहानाने मान डोलवायची, ही रीत इतकी मुरलेली आहे की एम.ए. झालेला माणूसही विषय राहून एटीकेटी लागलेल्या मुलाला दहाव्या मिनिटाला वेळापत्रक आखून देतो. ही खोड पुस्तक वाचून जात नाही. कोणीतरी दर आठवड्याला शेजारी बसून ती दाखवून द्यावी लागते, आणि असे पर्यवेक्षक मुळात कमी.

यात वसई-विरारच्या स्वतःच्या अडचणींची भर पडते. नवघर-माणिकपूर, वसई, नालासोपारा आणि विरार या नगरपरिषदा व आसपासची गावे मिळून ३ जुलै २००९ रोजी वसई-विरार महानगरपालिका झाली. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या १२ लाखांवर होती. वर्तक, संत गोन्सालो गार्सिया आणि विवा ही येथील परिचित महाविद्यालये मुंबई विद्यापीठाशी संलग्न आहेत. वर्गात घरी सामवेदी बोलणारी कुपारी मुले असतात, वाडवळ आणि कोळी असतात, वारली पाड्यावरची असतात, नालासोपाऱ्यातली हिंदी आणि गुजराती बोलणारीही असतात. पाठ्यपुस्तके आणि केस-नोंदी मात्र इंग्रजीत. मुलीने मराठीत सांगितलेली घालमेल पर्यवेक्षकापुढे इंग्रजीत मांडताना बरेच काही गळते. गोपनीयतेचेही तसेच. जुन्या गावांत सगळे एकमेकांना ओळखतात. चाळीतल्या एका खोलीत पाच माणसे असतील तर फोनवरून मोकळे बोलणार कुठे? प्रशिक्षणात या अडचणींचा सराव क्वचितच होतो.

कायद्याची बाजूही अशीच. एकाच इमारतीत सतरा वर्षांची अकरावीची मुलगी आणि वीस वर्षांची पदवीच्या तिसऱ्या वर्षाची मुलगी शिकते. पहिलीने लैंगिक अत्याचाराबद्दल सांगितले तर २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार समुपदेशकाला ते कळवणे बंधनकारक आहे, म्हणून गोपनीयतेची मर्यादा पहिल्या भेटीतच समजावून सांगावी लागते.

सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ च्या निकालात, शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेने किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता नेमावा, असा निर्देश दिला. विशाखापट्टणममधील एका विद्यार्थिनीच्या मृत्यूचे ते प्रकरण होते. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या २०२२ च्या अहवालात देशभरातील १३,०४४ विद्यार्थी-आत्महत्यांपैकी १,७६४ महाराष्ट्रातील, म्हणजे सर्व राज्यांत सर्वाधिक. नेमायचे कोणाला, हे मात्र अजून धूसर आहे. भारतीय पुनर्वास परिषद चिकित्सा-मानसशास्त्रज्ञांची नोंदणी करते. समुपदेशक २०२१ च्या संलग्न आरोग्य व्यावसायिक कायद्याच्या कक्षेत आले, तरी महिन्याभराचा वर्ग करून पाटी लावणारे आजही भेटतात.

आपली हद्द कुठे संपते, हेही प्रशिक्षणातच शिकावे लागते. आत्महत्येचा विचार ठाम झालेला असेल, भास होत असतील, तर विद्यार्थ्याला मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवायचे, हाती चिठ्ठी देऊन मोकळे व्हायचे नाही. मोठे सरकारी ठिकाण म्हणजे १९०१ पासूनचे ठाण्याचे प्रादेशिक मनोरुग्णालय; फोनवरून मदतीसाठी ‘टेलि-मानस’ (१४४१६) ही सेवा आहे. औषधे सुरू झाल्यावर तो मुलगा वर्गात परत येतो, तेव्हा हजेरी, राहिलेली परीक्षा आणि मित्रांचे प्रश्न यांना तोंड देताना त्याच्यासोबत राहण्याचे काम पुन्हा महाविद्यालयातल्या समुपदेशकाकडेच असते.